भिंतीवर आम्ही नाही, भांड्यांच्या बुडाला आहोत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या म्युझियमची बातमी आली होती बघा, फोटोसकट. जुन्या वाड्याचा सोपा, काचेच्या पेट्या, आणि मागं भिंतीभर घराण्यांच्या वंशावळी. ते माझं माहेर. गावाचं नाव परत लिहीत नाही, कारण भाऊ माझा सकाळी चहासोबत पेपर वाचतो आणि त्याचा चहा मला कडू करायचा नाही. बातमीत लिहिलं होतं की गावातल्या सगळ्या घरांचा इतिहास एका छपराखाली आलाय. त्या 'सगळ्या'वर मला थोडं बोलायचंय. मोबाईलवर एका बोटानं टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या, आणि पत्र लांबलं तर कुठंही कात्री लावा पण भांड्यांचं तेवढं कापू नका.

आधी चांगलं ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती कुरकुरतेय. या कामाला सरकारचा एक रुपया नाही, इकडच्या कर्नाटकाचाही नाही आणि तिकडच्या महाराष्ट्राचाही नाही. पुण्याला गेलेल्या एका घरानं वाड्याच्या किल्ल्या दिल्या, रिटायर झालेले एक मास्तर आणि गावातली दहाबारा पोरं, त्यातली निम्मी गोव्याला कामाला असतात आणि रविवारी येतात, त्यांनी दोन वर्षं घरोघरी फिरून सामान गोळा केलं. इरलं आहे, घोंगडी आहे, पेरायची कुरी आहे, शेर-मापटं-पायली आहे, रॉकेलच्या चिमण्या आहेत, कुणाच्या तरी देवघरातले चांदीचे टाक आहेत जे खरं म्हणजे देवघरातच राहायला पाहिजे होते. फौजेची मेडलं तर एक पेटी भरून. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात, त्यामुळं आमच्याकडं एक घर सोडून एका घरात फौजी निघतोच. इरल्याकडं बघून माझ्या सुनेनं विचारलं हे काय, आणि मी तिला पश्चिमेकडच्या पावसात इरलं डोक्यावर घेऊन वाकून रोप लावायचं कसं ते तिथंच करून दाखवलं, कंबर धरली ती दोन दिवस.

कागद पण आहेत. मोडीतली खरेदीखतं, गहाणखतं, इनामाचे कागद, जुने शाळेचे दाखले. आमच्या घरचे तीन दाखले एका ओळीत लावलेत ते मला लै आवडलं. वडिलांच्या दाखल्यावर मुंबई इलाखा, माझ्यावर म्हैसूर राज्य, भाच्याच्या दाखल्यावर कर्नाटक. घर तेच, चूल तीच, दारातला फणस तोच, राज्यं तेवढी तीन झाली. बाहेरनं येणाऱ्याला सीमाप्रश्न समजावून सांगायला यापेक्षा जास्त काय लागतं. (१ नोव्हेंबर आला की एका रस्त्यानं काळा दिन आणि दुसऱ्या रस्त्यानं राज्योत्सव, ते आता पोरांना पाठ झालंय, त्यावर मी लिहीत नाही.)

दोन गोष्टी मात्र तेव्हाच मास्तरांना बोलले, इथंही लिहिते म्हणजे दुसऱ्या गावात कुणी असं करत असेल तर उपयोग होईल. एक म्हणजे कागद लॅमिनेट करू नका. पोरांनी हौसेनं चार जुने कागद बेळगावला नेऊन लॅमिनेट करून आणले, आता ते त्या प्लास्टिकमधनं कधीच सुटायचे नाहीत, आत ओल गेली की काळे पडणार, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. सेलोटेप नको, स्टेपल नको, कागद सपाट ठेवा, वर झेरॉक्स लावा, मूळ कागद आत पेटीत. दुसरं म्हणजे जुनं दिसलं की शिवकालीन म्हणायचं थांबवा. एका कागदाखाली 'शिवकालीन सनद' अशी पाटी होती. मोडी वाचणारे एक गृहस्थ आले होते (२०२३ ला पलीकडं महाराष्ट्रात कुणबी नोंदी हुडकायला लागले तेव्हापासनं मोडी वाचणाऱ्यांना काय भाव आलाय सांगता सोय नाही), त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं, 'सन अर्बा सबैन मया व अलफ'. अर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७४, हा सुहूर सन, यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी १७७३-७४. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते साल. शिवाजी महाराज जाऊन तेव्हा त्र्याण्णव वर्षं झाली होती. सुहूर सन मृगाला सुरू होतो असंही ते म्हणाले, ते ऐकून आमचा एक म्हातारा चुलता म्हणाला, मग हेच खरं वर्ष, जानेवारीत कसलं आलंय नवीन वर्ष. पाटी बदलली. सनद पण नव्हती ती, एका बैलाच्या व्यवहाराची पावती होती. मला तर पावतीच जास्त भारी वाटली.

आता भिंतीचं. वंशावळी कुठून आल्या तर अर्ध्या घराघरातल्या वह्यांमधनं आणि अर्ध्या हेळव्याकडनं. हेळवी कोण ते नव्या पोरांना माहीत नसेल. आपल्या बेळगाव, चिकोडी, गोकाकपासनं कोल्हापूर-सांगलीपर्यंत घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा हा समाज. सुगी उरकली की हेळवी बैलावर बसून घंटा वाजवत दारात यायचा, दरवर्षी नाही, चारपाच वर्षांनी एकदा, आणि मूळ पुरुष कुठला, कुळी काय, देवक काय, कुळदैवत सौंदत्तीची यल्लम्मा की मंगसुळीचा खंडोबा की चिंचलीची मायाक्का, कोण कुठनं येऊन कुठं वसला, सगळं घडाघडा म्हणायचा. मग मागच्या खेपेनंतर घरात कोण जन्मलं ते लिहून घ्यायचा आणि जोंधळे, भात, जुनं धोतर, पैसे जे मिळेल ते घेऊन पुढच्या घरी. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा, त्यांचा मूळ पुरुष पांगळा होता आणि बसवण्णांनी त्याला बसायला बैल दिला अशी गोष्ट सांगतात. आमच्याकडं हल्ली जो येतो तो मोटरसायकलवर येतो. वही कन्नडमध्ये, घर मराठी, आणि आज्जाच्या आज्जाचं नाव आम्हाला तो सांगतो. भाषेवरनं डोकी फोडणाऱ्यांनी एकदा त्याच्या शेजारी बसून बघावं.

लहानपणी मी सोप्याच्या खांबाला टेकून त्याचं ऐकलेलं मला आठवतंय. भावाचं नाव त्यानं विचारलं, लिहिलं. आज्जी म्हणाली, ही पण आहे की, थोरली. तो हसला, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाला, ही दुसऱ्याच्या वहीत जायची. मला तेव्हा ते लै भारी वाटलेलं, आपण कुठंतरी जाणार म्हणून.

तर यंदा महालक्ष्मीची यात्रा झाली. आमच्याकडं ही यात्रा दरवर्षी नसते, मधे कित्येक वर्षं जातात, त्यामुळं एकदा आली की गावच्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, पन्नाशीच्या साठीच्या ऐंशीच्या, नातवंडं घेऊन. म्युझियम त्याच वेळी उघडलं, बरोबरच होतं, गर्दी आयती. आणि त्या गर्दीत निम्म्याहून जास्त आम्ही माहेरवाशिणीच होतो. आम्ही सगळ्याजणी त्या भिंतीसमोर उभ्या राहून आपापलं नाव हुडकत होतो.

भिंतीवर कापडाचं काही नाही, बेळगावात छापून आणलेले मोठे फ्लेक्स आहेत, प्रत्येक घराण्याला एक झाड, बुडात मूळ पुरुष, वर फांद्या, गोलात नावं. आमच्या झाडाला नऊ पिढ्या आहेत. मी खालनं वर बघत गेले. खापरपणजोबा, पणजोबा, आज्जा, त्याचे तीन भाऊ, वडील, चुलते, माझा भाऊ, त्याची दोन पोरं, आणि अगदी शेंड्याला भाच्याचा दीड वर्षाचा मुलगा, ज्याला अजून स्वतःचं नाव म्हणता येत नाही. मी नाही. माझ्या दोन बहिणी नाहीत. तिन्ही आत्ती नाहीत. आई नाही, आज्जी नाही. नऊ पिढ्यांत एक बाई नाही. शेजारी उभी असलेली माझी बालमैत्रीण, तिच्या झाडाला तर अकरा पिढ्या, ती मला हळूच म्हणाली, अगं एवढी माणसं झाली कशी मग, हेळव्यानं आणून दिली काय. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

भावाला विचारलं. तो म्हणाला, अक्का, वंशावळ अशीच असते. म्हटलं बरं, पण आता तुम्ही नवीन छापलीत की, छापणाऱ्याला गोल कमी पडले काय. तेव्हा तो जरा इकडंतिकडं बघत म्हणाला की मीटिंगमध्ये विषय निघाला होता, काही घरांनी सांगितलं लेकींची नावं घालू नका, उद्या कोण वकील फोटो काढून नेईल आणि म्हणेल हा बघा पुरावा.

संपादक साहेब, इथं खरी गोम आहे. आपल्याकडं वंशावळ म्हटलं की माणसाला आज्जा आठवत नाही, नाडकचेरी, म्हणजे महसुलाची कचेरी आठवते. पौती (म्हणजे गेलेल्याच्या जागी वारसाचं नाव) करायची असली की वंशवृक्षाचा दाखला, पहाणीवर (म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर) नाव चढवायचं असलं की वंशवृक्ष. म्हणून एखाद्याच्या घरी जाऊन तुमच्या पूर्वजांची नावं सांगा म्हटलं की तो आधी विचारतो, कशाला पाहिजेत? मास्तरांना दोन घरांनी या भीतीनं ट्रंक उघडूनच दाखवली नाही. पण भीती तरी नीट माहिती करून घेऊन धरावी. लेकींना वडिलोपार्जितात वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकात १९९४ लाच लागू झाली, तेव्हा लग्न न झालेल्या लेकींपुरती. २००५ ला देशभर सगळ्याच लेकींना, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली बाप जिवंत असो नसो. म्हणजे ज्याला वाटा मागायचाय तिला म्युझियमच्या फ्लेक्सची गरज नाही आणि जिला नको आहे तिचं नाव लावल्यानं जमीन कुठं हलत नाही.

मी तर वडील गेल्यावर हक्कसोड कधीच करून दिलंय. स्वखुशीनं, कुणी हात धरला नव्हता, भाऊ कष्ट करतोय ते दिसत होतं. कागद कन्नडमध्ये होता, मला एक अक्षर कळलं नाही, सही मराठीत केली. त्या दिवशी माझं पूर्ण नाव, माहेरचं, सासरचं, वय, पत्ता, अंगठ्याच्या ठशासकट सगळं लागलं. तिथं नाव चाललं की. भावाला मी हे म्हटलं तेव्हा तो काही बोलला नाही, वहिनीनं मात्र आतनं भांडं जरा जोरात आपटलं, आणि ते कुणाच्या बाजूनं आपटलं ते मला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी यात्रेचा गोंगाट नको म्हणून मी दुपारी परत म्युझियममध्ये जाऊन बसले. पोरं जेवायला गेलेली, भाचा तेवढा किल्ली घेऊन थांबलेला. सोप्याच्या कोपऱ्यात एका रॅकवर जुनी भांडी मांडलीत, वर पाटी 'पूर्वीची स्वयंपाकाची भांडी', बस्स. हंडा, घागरी, परात, तपेली, काशाच्या वाट्या, चारपाच तांबे, एक समई. सवय असते बघा आपल्याला, भांडं हातात आलं की बुडाकडनं बघायचं, ठोक्याचं आहे की पत्र्याचं, म्हणून मी एक तांब्या उचलून उलटा केला. बुडाला नाव. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं, अर्धं झिजलेलं. भाच्याला म्हटलं आण बॅटरी. मोबाईलच्या उजेडात पण लागेना. मग वहिनीला बोलावलं, ती घरनं वाटीत तांदळाचं पीठ घेऊन आली, पीठ बोटानं हलकं चोळलं आणि फुंकर मारली, ठिपक्यांत पांढरं भरलं आणि नाव उघडलं. माझ्या थोरल्या आत्तीचं. तिच्या लग्नातलं नाव नव्हे, माहेरचं, तांदळात लिहून बदलायच्या आधीचं. खाली 'वडिलांकडून', आणि साल १९५३.

या आत्तीला चंदगडकडं दिलेली. १९५३ ला चंदगड आपल्या बेळगाव जिल्ह्यातच होतं, म्हणजे आज्जानं लेक जिल्ह्यातच दिली होती, बैलगाडीनं जाऊन येईल एवढ्यावर. मग १९५६ ला वाटण्या झाल्या, चंदगड तालुका वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूरला. आत्ती होती तिथंच मुंबई राज्यात राहिली, आज्जा उठला तो म्हैसूर राज्यात. नंतर म्हातारपणी तो म्हणायचा, मी लेक परदेशी दिली नव्हती, परदेशच मधे आला. ही गोष्ट मला माहीत होती, पण तिचा तांब्या परत आमच्या घरी कसा आला ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीला माहीत होतं. आत्ती बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेलीच नाही, इथंच गेली, पहिल्याच बाळंतपणात. सासरच्यांनी सामान पाठवून दिलं. मूलही वाचलं नाही, म्हणजे सासरच्या झाडावरही तिची फांदी नाही. तिचं नाव असलेली जगातली एकच वस्तू तो तांब्या, आणि तो पूर्वीच्या स्वयंपाकाच्या भांड्यांत.

मग आम्ही तिघांनी ते सगळं रॅक खाली उतरवलं. यात्रेचा छबिना निघाला तरी आम्हाला पत्ता नाही. अकरा भांड्यांवर नावं निघाली, त्यातली नऊ बायकांची. कुणाला मामाकडून, कुणाला 'आईची आठवण', एक परात डोहाळजेवणाची, एक वाटी बारशाची. एका हंड्यावर दोन नावं, एक जुनं एक नवं, आईचं आणि तिच्या लेकीचं, म्हणजे आईनं आपल्या लग्नातला हंडा लेकीला देताना खाली तिचं नाव घालून दिला. मला सांगा, ही वंशावळ नव्हे तर काय आहे? आणि समईच्या बुडाला माझ्या आज्जीचं माहेरचं आडनाव आणि गाव. आज्जी रायबागकडची एवढं ऐकून होतो, गाव कुणालाच माहीत नव्हतं, कारण रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात आणि तिचे आईबाप ती लहान असतानाच वारलेले. आता गाव कळलं म्हणजे पुढचं हुडकायला वाट झाली, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचे कागद आहेत, कुणीतरी जाऊन बघेल. जसं माझं सासर शहापूरचं, आज ते बेळगाव शहरात आहे पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानचं, म्हणून माझ्या सासऱ्यांनी काही कागद सांगलीतनं आणलेले. आपल्या भागात घराचा इतिहास हुडकायचा तर आधी ते गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं ते विचारावं लागतं, एका जिल्ह्याचं दप्तर बघून भागत नाही.

भांड्यांवर नावं का घालायचे ते तरुणांना सांगते. हौस होतीच, पण मुख्य कारण म्हणजे लग्नकार्यात पंगतीला भांडी घरोघरनं गोळा व्हायची, परत येताना अदलाबदल नको. आणि दुसरं, माहेरनं आलेलं भांडं बाईचं स्वतःचं, उद्या भाऊबंदकीत वाटण्या झाल्या तर हे वाटणीत नाही, हे तिचं. मोठ्या घरात ज्या बाईच्या नावावर एक गुंठा नव्हता तिच्या नावावर एक तांब्या तरी असायचा. दुकानात नाव घालायला अक्षरावर पैसे घ्यायचे म्हणून आमच्या आईच्या परातीवर आडनाव अर्धंच आहे.

आणि ही भांडी गेली कुठं? स्टील आलं. सत्तर-ऐंशीच्या काळात घराघरातनं पितळ तांबं किलोवर गेलं, मी स्वतः सासरची दोन पातेली देऊन स्टीलचा डबा घेतलाय, आज आठवलं की पोटात कालवतं. म्हणजे बघा, पुरुषांची नावं होती ते कागद मोडीत होते म्हणून काचेत गेले, आमची नावं होती ती भांडी मोडीत गेली.

मास्तरांना हे सगळं दाखवलं. चांगले आहेत ते, चिडले नाहीत, पण आधी पिठावरनं बोलले, जुन्या वस्तूला काही चोळायचं नसतं म्हणाले, बरोबर असेल. मी तर चिंच लावून लख्ख करायच्या विचारात होते, भाच्यानं हात धरला. मग म्हणाले, ताई, वंश पुरुषाकडनं मोजतात ही रीत आहे, आपण रीत दाखवतोय, आपलं मत नाही. मी म्हटलं मास्तर, देवळामागं दगड आहेत ते तुम्हीच आम्हाला शाळेत दाखवले होते. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, खालनं वर वाचायची, खाली लढाई, मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शंकराच्या पिंडीपुढं, माथ्याला चंद्र-सूर्य. आणि शेजारच्या सतीच्या दगडावर काय आहे? कोपरात वाकलेला एक हात, बांगड्यांसकट. बाकी बाई नाही. तुमच्या फ्लेक्सवर हात पण नाही. ते हसले आणि म्हणाले, लिहून द्या कुठंतरी. म्हणून लिहितेय.

सुटलेले आणखीही आहेत. आमचा एक चुलत आज्जा ज्याला मूलबाळ झालं नाही, त्याच्या गोलाखाली 'निर्वंश' असं लिहिलंय, ज्या माणसानं गावची विहीर खोदली त्याची एवढीच नोंद. आणि भिंतीवर झाडं आहेत ती गावठाणातल्या घरांची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं एकही झाड नाही, जरी गावच्या शिवेचा वाद आला की शीव कुठनं जाते ते सांगायला वतनदार महाराचीच साक्ष चालायची. त्यांच्या घरी कागद मागायला कुणी गेलंच नाही, भाच्यानं कबूल केलं. आता तो जाणार आहे म्हणाला, बघू.

माझं मागणं मोठं नाही. फ्लेक्स फाडून नवीन करा असं मी म्हणत नाही, पैसे लोकांनी वर्गणीनं दिलेत. समोरची भिंत मोकळी आहे. त्या रॅकवरचं एकेक भांडं उलटं ठेवा, बूड वर, खाली छोटी चिठ्ठी, कुणाची लेक, कुठं दिली, किती साली. पुढच्या वेळी हेळवी आला की त्याला तिथं बसवा, त्याच्या वहीत सासरकडनं कुठली सून कुणाची लेक एवढं तरी असेल तर ते आमच्या भांड्यांशी जुळवून बघता येईल. म्हाताऱ्या बायकांना जात्यापाशी बसवून मोबाईल चालू करा, ओव्यांमध्ये भाऊ, बाप, मामा, माहेरचं गाव सगळं येतं, पुण्याकडच्या लोकांनी अशा लाखावर ओव्या गोळा केल्यात, आपल्याकडच्या बायका अजून आहेत तोवर दोनशे तरी होऊ देत. आणि वाचकांना एक विनंती, घरातलं पितळ मोडीत द्यायचं असेल तर द्या, आजकाल घासणार कोण, माझेही हात दुखतात, पण देण्याआधी उलटं करून बुडाचा एक फोटो काढा. तिरक्या उजेडात काढा म्हणजे ठिपके दिसतात, पीठ लावायला नको, मास्तर रागावतात.

यात्रेहून परत येऊन आता महिना होत आला. काल रात्री वहिनीनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, माळ्यावर अजून एक घागर सापडली, कणगीच्या मागं पडलेली. पहिलं अक्षर 'का' आहे की 'फा' ते तिला लागत नाही, मलाही लागलं नाही, पुढं 'शी' आहे एवढं नक्की. काशी नावाची आमच्यात कुणी होती असं आईच्या तोंडून कधी आलं नव्हतं. गाव पुसलंय. साल आहे, १९२९. ती लेक म्हणून दिलेली की सून म्हणून आलेली ते कळायला मार्ग नाही, ऐंशीच्या पुढची एकच चुलती आता उरलीय, ती नंदगडला लेकीकडं असते, रविवारी फोटो घेऊन तिच्याकडं जातेय. भाऊ म्हणाला गाडी मी काढतो.

आपली,
एक माहेरवाशीण
शहापूर, बेळगाव